ओढ्याकाठचा रेड गम तोडायचा की नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरिया राज्यातल्या इचुकाजवळ ओढ्याला लागून जुनं घर आणि एकरभर जागा घेतली आहे. काठावर निलगिरीचं अवाढव्य झाड आहे, खोड दोघांच्या कवेत मावत नाही. जानेवारीत, म्हणजे इथल्या उन्हाळ्यात, भर दुपारी, वाऱ्याची झुळूकही नसताना, त्याची बैलगाडीएवढी फांदी खाली आली. बुंधा एका बाजूनं पोकळ आहे, शेंडा विरळ झालाय आणि खोडालाच जागोजागी पालवीचे झुपके फुटलेत. भारतातून आलेले वडील म्हणतात, निलगिरी जमिनीतलं पाणी ओढते, तोडून टाक. झाड मरतंय का आणि तोडायचं का, हे तुम्हाला हवंय.

मी गेली 22 वर्षं उत्तर व्हिक्टोरियात झाडं तपासायचं काम करतो. त्याआधी सहा वर्षं नगर जिल्ह्यातल्या एका रोपवाटिकेत होतो, तिथे लाखांनी निलगिरी वाढवली. त्यामुळे वडिलांचं म्हणणंही मला कळतं आणि तुमची धास्तीही. फोटोवरून झाडाचं भविष्य सांगणाऱ्यावर मात्र विश्वास ठेवू नका, माझ्यावरसुद्धा. खाली जे लिहितोय ते स्वतः काय बघायचं आणि कशाचा काय अर्थ लावायचा एवढ्यासाठी.

तुम्ही झाडाबद्दल विचारलंय, पण मला आधी पाण्याबद्दल विचारावंसं वाटतं. या झाडाच्या मुळाशी पुराचं पाणी शेवटचं कधी आलं होतं, आणि किती दिवस थांबलं होतं? शेजारच्या जुन्या शेतकऱ्याकडून एवढं कळलं तरी निम्मं निदान झालं. का, ते सांगतो.

आधी झाडाची ओळख पक्की करू, कारण 'निलगिरी' म्हटलं की गोंधळ सुरू होतो. युकॅलिप्टसच्या 700 च्या वर जाती आहेत, आणि बोटांवर मोजण्याइतक्या सोडल्या तर सगळ्या मूळच्या ऑस्ट्रेलियातल्या. आपल्याकडे ज्याच्यावरून निलगिरी हे नाव रुळलं तो ब्लू गम, युकॅलिप्टस ग्लोब्युलस. तो मूळचा टास्मानिया आणि दक्षिण व्हिक्टोरियाचा, थंड हवेचा. उटीच्या डोंगरात तो 1843 च्या सुमारास आला. सर्दी झाली की रुमालावर टाकतो त्या तेलाचं झाड तेच. महाराष्ट्रात बांधावर आणि रस्त्याकडेला दिसते ती निलगिरी बहुतेक वेळा वेगळीच, युकॅलिप्टस टेरेटिकॉर्निस, जिला 'मैसूर गम' म्हणतात, किंवा तिचे संकर. आणि इचुकात ओढ्याच्या अगदी कडेला एवढ्या घेराचं झाड म्हणजे जवळपास खात्रीनं रिव्हर रेड गम, युकॅलिप्टस कॅमाल्डुलेन्सिस.

'जवळपास' म्हटलंय, तर खात्री करून घ्या, सोपं आहे. झाडाखालच्या कचऱ्यात कळ्या आणि फळं सापडतील. कळी तुरीच्या दाण्याएवढी, आणि तिच्या टोपीला पोपटाच्या चोचीसारखं टोक असतं. या भागातल्या रेड गमची ती खूण. युकॅलिप्टस या नावाचा अर्थच 'नीट झाकलेलं' असा आहे; 1788 मध्ये लेरितिए या फ्रेंच शास्त्रज्ञानं हे नाव दिलं ते याच टोपीवरून. फूल उमलताना टोपी गळून पडते आणि आतले पांढरे पुंकेसर पिंजल्यासारखे बाहेर येतात. पाकळ्या अशा दिसतच नाहीत. तुम्ही जांभळाचा मोहोर जवळून पाहिला असेल तर ओळखीचं वाटेल, कारण जांभूळ, पेरू, लवंग आणि निलगिरी ही सगळी एकाच कुळातली. लवंगेच्या डोक्यावर जी गोल गोळी असते तीही न उमललेल्या पाकळ्यांची टोपीच.

फळ वाटाण्याहून लहान, अर्धगोल, आणि वरच्या कडेतून सहसा चार दात बाहेर आलेले. झाडावरची बंद, हिरवट-तपकिरी फळं मिळाली तर वर्तमानपत्रावर ठेवून उन्हात सोडा. एक-दोन दिवसांत ती उघडतात आणि बारीक चुरा पडतो. त्या चुऱ्यात भुसकट जास्त, बी कमी. बी राजगिऱ्याहून जरा मोठं, कोपरे असलेलं, आणि रेड गमचं असेल तर पिवळसर. मैसूर गमचं बी काळं असतं. नगरला असताना 'मैसूर गम' म्हणून आलेल्या पिशवीत मला ढीगभर पिवळं बी सापडलं होतं. पुरवठादाराला विचारलं तर म्हणाला, साहेब, निलगिरी ती निलगिरी. तेव्हापासून मी पानाकडे नंतर बघतो, आधी बी बघतो. पानं फसवतात. कोवळ्या रोपाचं पान रुंद, मोठ्या झाडाचं लांबट विळ्यासारखं, त्यात झाडागणिक फरक.

लॅटिन नावाची एक गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. कॅमाल्डुलेन्सिस म्हणजे कॅमाल्डोलीचं. हे कॅमाल्डोली इटलीत, नेपल्सजवळ. तिथल्या एका सरदाराच्या बागेत बियांपासून वाढवलेल्या झाडावरून डेनहार्ट नावाच्या माळ्यानं 1832 मध्ये या जातीचं वर्णन केलं. म्हणजे मुख्य ऑस्ट्रेलियाभर सगळ्यात जास्त पसरलेली युकॅलिप्टसची जात जगाला माहीत झाली ती युरोपातल्या एका बागेच्या नावानं. टास्मानिया सोडला तर हे झाड प्रत्येक राज्यात आहे. शास्त्रज्ञ त्याच्या सात उपजाती मानतात. ॲलिस स्प्रिंग्जच्या टॉड नदीसारख्या बहुतेक काळ कोरड्या ठणठणीत वाळूच्या पात्रातही ते उभं असतं आणि उत्तर क्वीन्सलँडच्या उष्ण ओढ्यांच्या काठीही. भारतात लागवडीसाठी जे बी आणलं गेलं त्यात त्या उत्तरेकडच्या पेटफर्ड भागाचं बी नावाजलेलं होतं. तुमच्या ओढ्यावरचं झाड मात्र दक्षिणेच्या, इचुकावरून वाहणाऱ्या मरे नदीच्या उपजातीचं.

आता मुद्द्याचं. इचुकाचा वार्षिक पाऊस साधारण 430 मिलिमीटर. माण-खटावच्या माणसाला हा आकडा लगेच कळेल. एवढ्या पावसावर बाभूळ, बोर, फार तर कडुनिंब बरा वाढेल. मग इथे 30-40 मीटर उंचीची, दोघांच्या कवेत न मावणारी झाडं उभी राहतात कशी? पावसावर नाहीच राहत. ती पुरावर राहतात. मरे नदीचं पाणी येतं पूर्वेच्या बर्फाळ डोंगरांतून. हिवाळ्यातला पाऊस आणि नंतर वितळणारं बर्फ यांनी ऑगस्ट ते नोव्हेंबरच्या दरम्यान नदी फुगते, काठ सोडून सपाट मैदानात पसरते आणि आठवडेच्या आठवडे तिथे थांबते. त्या पाण्यानं खालची चिकण माती खोलवर भिजते, आणि मग कोरडा उन्हाळा झाड त्या ओलीवर काढतं.

तुम्ही बार्माला गेला नसाल तर एखादा रविवार काढून जा, घरापासून पाऊण तासावर आहे. नदीच्या अल्याड बार्मा, पल्याड मिलावा, दोन्ही मिळून साधारण 66 हजार हेक्टर. रेड गमचं जगातलं सगळ्यात मोठं जंगल हेच. ते तिथेच का, याचं उत्तर जमिनीत आहे. हजारो वर्षांपूर्वी कॅडेल प्रस्तरभंगाच्या (जमिनीतल्या मोठ्या भेगेच्या) रेषेवर जमीन उचलली गेली आणि मरे नदीची वाट अडली. नदीला वळसा घालावा लागला, आणि आजही त्या भागात तिचं पात्र इतकं अरुंद आहे की जरा जास्त पाणी आलं की ते काठावरून जंगलात शिरतं. जंगलात उभं राहून खोडांकडे बघा. प्रत्येक खोडावर एकाच उंचीवर काळपट रेघ दिसेल, सुतारानं सूत मारल्यासारखी. तिथवर पाणी चढलं होतं. तुमच्या झाडावर अशी रेघ आहे का, आणि असेल तर किती उंचीवर, हे आधी बघा.

पाण्यात महिनोन् महिने उभं राहायचं म्हणजे मुळांना हवा मिळत नाही. आपल्याकडे शेतात पाणी साचलं की तूर आठवड्यात माना टाकते, तसंच. रेड गम त्यावर तोडगा काढतं. बुंध्यातून पाण्याच्या पातळीजवळ नवी मुळं फुटतात, मुळांत हवा खेळेल अशी पोकळ पेशीजालं तयार होतात. पूर ओसरल्यावर ही मुळं वाळक्या दाढीसारखी बुंध्याला लोंबत राहतात. नवखे लोक तो रोग समजतात. पण या सहनशक्तीलाही मर्यादा आहे. मरे नदीवरच यारावोंगाला 1939 मध्ये बंधारा झाला आणि त्याच्यामागे मलवाला तलाव भरला. त्यात बुडालेले रेड गम आजही पांढरे सांगाडे होऊन पाण्यात उभे आहेत, बोटीतून जवळ जाता येतं. पूर यावा आणि जावा, ही या झाडाची गरज. आलेलं पाणी दोन-तीन वर्षं हललंच नाही तर ते मरतं, आणि आलंच नाही तरी मरतं. दाट जंगलातल्या झाडांना सर्वसाधारणपणे दर एक ते तीन वर्षांतून एकदा, काही महिने टिकणारा पूर लागतो. विरळ माळावरची झाडं दोन-चार वर्षांचं अंतर सोसतात. तुमचं झाड एकटं, ओढ्याकाठचं. त्याला हे आकडे जसेच्या तसे लावू नका, कारण ओढ्यातून आणि भूजलातून त्याला आणखी किती मिळतं ते जागेवर ठरतं.

माणसानं यात काय बदललं, तर पाण्याची वेळ. मरे नदीच्या वरच्या भागातलं ह्यूम धरण 1936 मध्ये पूर्ण झालं. हिवाळा-वसंतातलं पाणी तिथे अडवायचं आणि उन्हाळ्यात सिंचनाला सोडायचं, हे आपल्या कालव्याच्या आवर्तनासारखंच. नदी वर्षभर भरलेली दिसते म्हणून बाहेरच्या माणसाला वाटतं पाणी मुबलक आहे. प्रत्यक्षात ती पात्रात भरलेली असते, मैदानावर येत नाही. ज्या मध्यम पुरांवर हे जंगल जगायचं ते कमी झाले. आता सरकारी यंत्रणा जंगलासाठी राखून ठेवलेलं पाणी मुद्दाम सोडतात, पण ते ठरलेल्या जागी. तुमच्या ओढ्याचा त्यात नंबर आहे की नाही, हे शेजाऱ्यांना विचारूनच कळेल.

पाणी पूर्वी कुठवर यायचं हे कळायला मी आणखी एक युक्ती वापरतो: शेजारची झाडं वाचायची. या मैदानावर सगळ्यात खोलगट, वारंवार बुडणाऱ्या जागी रेड गम. त्याहून हातभर-दोन हात उंच, क्वचित बुडणाऱ्या जागी ब्लॅक बॉक्स. ही युकॅलिप्टसचीच जात, पण साल बारीक फांद्यांपर्यंत खरखरीत, काळसर. त्याच्याही वर, पुराच्या बाहेर, ग्रे बॉक्स. रेड गमची साल मात्र बुंध्याजवळचा खरखरीत भाग सोडला तर गुळगुळीत, राखाडी-पांढरी, आणि पट्ट्या-पापुद्र्यांनी सोलून निघणारी. तुमच्या एकरात ओढ्यापासून घराकडे चालत जा आणि साल कुठे बदलते ते बघा. माझ्या अंदाजानं घराच्या आसपास तुम्हाला ब्लॅक बॉक्स सापडेल, आणि तसं असेल तर 2022 च्या ऑक्टोबरमधल्या मोठ्या पुरात पाणी कुठवर आलं असेल तेही कळेल. घर घेताना कुणी हे सांगितलं नसेल. विमा भरताना उपयोगी पडेल.

आता तुमच्या झाडाची लक्षणं.

शेंडा विरळ होणं हे पहिलं. रेड गमची पानं उभी लोंबतात, म्हणून निरोगी झाडाची सावलीही गाळणीतून आल्यासारखी असते. आंब्या-वडाची सावली डोक्यात ठेवून बघाल तर प्रत्येक रेड गम आजारीच वाटेल. ताण पडला की हे झाड आधी पानं टाकतं, मग काड्या, मग फांद्या, आणि जेवढं पाणी मिळतंय तेवढ्याच पसाऱ्यावर येतं. घरात मिळकत कमी झाली की आपण आधी कशाला कात्री लावतो, तसलाच हिशोब. त्यामुळे विरळ शेंडा म्हणजे झाडानं खर्च कमी केलाय एवढंच. पानं विरळ होण्याचं दुसरं कारण किडे असू शकतात. पानांच्या फक्त शिरा उरल्या असतील, जाळीसारखं पान झालं असेल, तर एक केसाळ अळी शोधा. ती कात टाकते तेव्हा डोक्याचं जुनं कवच फेकून न देता डोक्यावरच ठेवते, त्यामुळे मोठ्या अळीच्या डोक्यावर पाच-सहा टोप्यांची उतरंड दिसते. एकदा बघितली की विसरणार नाही. हात लावू नका, केस चांगलेच खाजतात. तिच्यापायी मोठं झाड सहसा मरत नाही.

खोडाला फुटलेले झुपके हे दुसरं. सालीखाली खोलवर निद्रिस्त डोळे असतात. वरची पालवी गेली, आग लागली किंवा ताण पडला की ते फुटतात. हे झुपके दोन्ही अर्थांनी वाचता येतात आणि इथेच अंदाज चुकतो. झाड खालावत असतानाही ते येतात आणि सावरत असतानाही. म्हणून एकदा बघून निकाल देऊ नका. आज चार बाजूंनी फोटो काढा, तारीख टाका, तीच जागा, तोच कोन ठेवून पुढच्या वर्षी याच महिन्यात पुन्हा काढा. झुपके वाढून फांद्या झाल्या तर झाड वर येतंय. तेही वाळत चालले तर काळजी करा.

हे मी शिकलो ते स्वतः चुकून. 1997 च्या सुमारास सुरू झालेला इथला मोठा दुष्काळ 2008 मध्ये ऐन भरात होता. एका शेतावर धोकादायक झाडांची यादी करायचं काम मला दिलं होतं. ओळीतल्या अकरा रेड गमवर एक पान नव्हतं. मी साल खरवडून बघितली, कोरडी लागली, आणि अकराहीवर रंगानं फुली मारली. दहा तोडली गेली. अकरावं राहिलं, कारण शेवटच्या दिवशी तोडणाऱ्यांचं यंत्र बिघडलं आणि मालकानं पुढचे पैसे दिले नाहीत. 2010 मध्ये दुष्काळ मोडला, त्या वसंतात पाणी शेतावर आलं. पुढच्या उन्हाळ्यात मी सहज तिथून जात होतो, तर ते अकरावं झाड बुंध्यापासून वरपर्यंत लालसर कोवळ्या पालवीनं माखलेलं. माझी फुली अजून दिसत होती. बाकीच्या दहांतली किती तशी उठली असती, याचा विचार मी सहसा करत नाही. आता एका जागी साल खरवडून मी कधीच 'मेलं' लिहीत नाही. खोडाच्या सगळ्या बाजूंनी, निरनिराळ्या उंचीवर बघतो, आणि धोका नसेल तर एक पूर तरी थांबतो.

पोकळ बुंध्याबद्दल घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. झाडाचा जिवंत भाग म्हणजे सालीलगतचा पट्टा. आतला गाभा मेलेलाच असतो. नळी भरीव नसली तरी उभी राहते, तसं. प्रश्न भिंतीच्या जाडीचा असतो. भिंत त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांशाहून पातळ झाली तर सावध व्हायचं, अशी एक ढोबळ मोजपट्टी आहे. मी ती वापरतो, पण तिच्यावरच अवलंबून राहत नाही, कारण पोकळी एका बाजूला उघडी असेल तर गणित बदलतं. हे प्रत्यक्ष तपासायला प्रमाणित आर्बोरिस्ट, म्हणजे झाडांचा तज्ज्ञ, बोलवा. एक गोष्ट मात्र करू नका: कुणाच्या सल्ल्यानं त्यात सिमेंट भरू नका. ओल आत कोंडते, आणि वाऱ्यात खोड वाकतं तेव्हा सिमेंट वाकत नाही.

त्या पोकळीला इथे किंमत आहे. ऑस्ट्रेलियात सुतार पक्षी नाहीत. झाडाला भोक पाडणारं कुणी नाही, म्हणून ढोली तयार होते ती बुरशी, वाळवी, आग आणि तुटलेल्या फांद्या यांच्या जोरावर, आणि त्याला शंभर वर्षांच्या वर लागतात. काकाकुवे, गाला (गुलाबी-करडा काकाकुवा), पोसम (झाडावर राहणारा पोटपिशवीवाला प्राणी), वटवाघळं, सगळ्यांची घरं तीच. बार्माचा सुपर्ब पॅरट म्हणून हिरवा पोपट आहे, तोही रेड गमच्या ढोलीत अंडी घालतो. तुम्ही लावलेल्या नव्या झाडात तुमच्या नातवालाही ढोली दिसायची नाही.

आणखी एक बघा. खोडावर कुठे उभा, लांबट, बदामी आकाराचा सालीविना भाग आहे का, ज्याच्या कडा जाड ओठासारख्या आत वळल्यात? असले काही व्रण निसर्गानं झालेले असतात, काही इथल्या मूळ रहिवाशांनी साल काढल्याचे. होडीसाठी खोडाच्या एका बाजूची लांब साल एकसंध उतरवायची, आणि झाड जिवंत ठेवायचं, असं ते काम. हा भाग यॉर्टा यॉर्टा लोकांचा. तसा व्रण असेल तर ते झाड कायद्यानं संरक्षित वारसा आहे, हात लावण्याआधी चौकशी करावी लागेल. तो नसला तरी व्हिक्टोरियात स्थानिक झाड तोडायला सर्वसाधारणपणे परवाना लागतो. अपवाद आहेत, तुमच्या जागेला ते लागू होतात का ते कौन्सिलमध्येच (इथल्या स्थानिक पालिकेत) विचारा.

फांदी पडली हे मात्र खरं संकट, आणि त्याबाबत मी कडक आहे. रेड गम उन्हाळ्यात, शांत हवेत, दुपारी, धडधाकट दिसणारी फांदी टाकतं. नेमकं का, यावर जाणकारांचंही एकमत नाही. म्हणजे आधी ओळखायची खात्रीशीर रीत नाही, आणि एकदा टाकली म्हणजे पुन्हा टाकणार नाही असंही नाही. तुमच्या फोटोत डावीकडच्या आडव्या फांदीला मुलांचा झोका दिसतोय. तो आजच काढा. फांद्यांचा घेर जमिनीवर जिथवर येतो त्याच्या बाहेर गाडी, बाकडं, बार्बेक्यू, सगळं न्या. खालचा भाग तसाच रानटी राहू द्या, गवत वाढू द्या, म्हणजे माणूस आपोआप तिथे रेंगाळत नाही. झाडाचा धोका खाली कोण उभं आहे यावर ठरतो, आणि माणूस हलवणं झाड हलवण्यापेक्षा स्वस्त पडतं. घरावर झुकलेली एखादी फांदी असेल तर तेवढीच आर्बोरिस्टकडून काढून घ्या. पडलेली फांदी ओढ्यात गेली असेल तर तिथेच राहू द्या. मरे कॉड मासा असल्याच लाकडाच्या आडोशानं राहतो.

आता वडिलांचं म्हणणं. ते चूक नाहीत, त्यांनी बघितलेली निलगिरी वेगळी होती. महाराष्ट्रात ऐंशीच्या दशकात सामाजिक वनीकरणात आणि शेतकऱ्यांनी जी लावली ती दोन-तीन मीटर अंतरावर, ओळीनं, हजारांनी, आणि पाच-सात वर्षांत तोडायची. जोमानं वाढणारी तेवढी झाडं, खाली दुसरं काही नाही, आणि तोडलं की पुन्हा फुटवा. ती पाणी पिणारच. कर्नाटकात याचे नीट मोजमाप करून अभ्यास झाले. जिथे माती उथळ होती तिथे निलगिरीनं पडलेल्या पावसाइतकंच पाणी वापरलं, तिथल्या पानझडी जंगलाएवढं. जिथे माती खोल होती, त्या होसकोटेला, मुळं खाली जात राहिली आणि वापर पावसाच्याही वर गेला, म्हणजे जमिनीतली जुनी शिल्लक उपसली गेली. त्याच कर्नाटकानं 2017 मध्ये निलगिरीच्या नव्या लागवडीवर बंदी घातली. आमच्या रोपवाटिकेनं विकलेल्या रोपांतली काही कुणाच्या तरी विहिरीच्या उशाला लागली असणार, तेव्हा मी या बाबतीत साळसूदपणे बोलू शकत नाही.

पण तुमचं झाड एकटं आहे, काही शतकांचं असू शकतं, आणि ते ज्या पाण्यावर वाढलं ते पाणी त्याच जागी येत होतं म्हणूनच तिथे वाढलं. पुराच्या वर्षी हात सैल सोडायचा, कोरड्या वर्षी पानं टाकून बसायचं, हा त्याचा स्वभाव. हाच स्वभाव खोल मातीच्या, पूर न येणाऱ्या मुलखात दाटीनं लावला की विहिरी खाली जातात. तुमचा ओढा आटला असेल तर त्याचं कारण वरच्या बाजूला शोधा.

काळजी म्हणून काय कराल? पूर आला नाही अशा लागोपाठच्या वर्षांत हिवाळा-वसंतात एक-दोनदा, फांद्यांच्या घेराच्या कडेला, खोडापासून लांब, नळी मंद सोडून रात्रभर पाणी मुरवा. रोज थोडं थोडं नको. लॉन आणि स्प्रिंकलर बुंध्यापर्यंत नेऊ नका; उन्हाळाभर ओला बुंधा म्हणजे मूळकुजीला आमंत्रण. मुळांवर मातीचा भराव नको, गाडीचा रस्ता नको, खत नको. आणि पुढचा पूर येऊन गेला की ओल्या गाळात बघा. केसासारखी लालसर देठाची रोपं गव्हासारखी दाट उगवतील. त्यातली बहुतेक उन्हानं नाहीतर पुढच्या पाण्यानं मरतात, पण चार-दोन घरापासून लांब, काठावर सोयीच्या जागी असतील तर भोवती जाळी लावून ठेवा, ससे ठेवत नाहीत.

थोडक्यात क्रम असा ठेवा: आज झोका काढा, या आठवड्यात शेजाऱ्याला पुराबद्दल विचारा, महिनाभरात आर्बोरिस्टकडून पोकळी तपासून घ्या, आणि तोडायचा निर्णय वर्षभरानंतरचे फोटो हातात आल्यावर. भिंत खरंच पातळ निघाली आणि घर पडण्याच्या टप्प्यात असेल तर वर्षभर थांबू नका, वरचा भार उतरवून बुंधा उभा ठेवता येतो का ते विचारा. आम्ही तसं बऱ्याचदा करतो, ढोली वाचते.

आणि वडील अजून इथेच असतील तर बी बघायचं काम त्यांच्याकडे द्या. वर्तमानपत्रावर पडलेलं पिवळं बी त्यांनी पाहिलं की गावच्या बांधावरची फळं सुकवून बघायला ते स्वतःच कुणाला तरी फोन करतील. तिकडे काळं निघालं तर मलाही कळवा.